सहा पवनचक्क्यांची मानवंदना

एका जंगलात, म्हणजे बाळांनो, खरं सांगायचं तर एका खड्ड्यात, पुष्कळ प्राणी सुखानं राहत होते.

हसू नका. ते जंगल खरंच खड्ड्यात होतं. त्याच्या एका अंगाला खाडी होती आणि खाडीचं पाणी जंगलाच्या जमिनीपेक्षा उंच होतं. मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधापलीकडे मासे पोहायचे आणि बांधाअलीकडे, माशांच्या पोटापेक्षाही खाली, ससे गवत खायचे. एखादा मासा बांधावरून डोकावला असता तर त्याला सशांची डोकी दिसली असती. मासे डोकावत नाहीत, म्हणून बरं.

मग पाणी आत येत नव्हतं का? येत होतं की! बांधातून झिरपायचं, जमिनीतून पाझरायचं, पावसाचं साचायचं. पण बांधावर सहा पवनचक्क्या होत्या. प्रत्येकीला चार पाती आणि पोटात एक मोठा रहाट. वारा सुटला की पाती फिरायची, पाती फिरली की रहाट फिरायचा, आणि रहाट आतलं पाणी उचलून बांधापलीकडे खाडीत ओतायचा. खर्र-घप्प, खर्र-घप्प, असा आवाज दिवसभर चालू असायचा.

या चक्क्या बांधल्या कुणी? जुन्या प्राण्यांनी. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, कारण त्या काळी कोनशिला बसवायची पद्धत नव्हती. नुसतं बांधायचे आणि मरून जायचे. अडाणी होते बिचारे.

चक्क्या सांभाळायचं काम घोरपडींच्या घराण्याकडे होतं. का ते सांगतो. चक्की चालवायची तर पात्यांवर चढून शिडाचं कापड ताणून बांधावं लागतं. वारा भणाणत असतो, पातं हलत असतं. अशा वेळी घट्ट धरून राहायचं काम घोरपडीशिवाय कोण करणार? हत्तीला सांगून बघा!

आपल्या गोष्टीच्या वेळी चक्क्या येसाक्का घोरपडीकडे होत्या. ती उंच नव्हती, सुंदर नव्हती, आणि तिच्या अंगाला कायम करंजाच्या तेलाचा वास यायचा. पण आवाज ऐकूनच ती सांगायची, ‘तिसरीचा आस कोरडा पडलाय.’ आणि तो पडलेला असायचा.

घोरपडींच्या घरात एक जुनी रीत होती. घरात काही बरंवाईट घडलं की चक्क्या एक दुपारभर थांबवायच्या. वर चढणारं पातं माथ्याला पोचायच्या जरा आधी अडवलं, की त्याचा अर्थ आनंद. माथ्यावरून जरा पुढे गेल्यावर अडवलं, की त्याचा अर्थ दुःख. दोन्हींत फरक हातभराचा. पण कोसभरावरच्या पाहुण्याला दुरूनच कळायचं, की जाताना हसत जायचं की रडत.

एक दिवस येसाक्काची आई वारली. म्हातारी होती, तिनंही जन्मभर चक्क्याच चालवल्या होत्या. येसाक्कानं सहाही चक्क्यांना अडसर घातले आणि पाती दुःखात उभी केली. खर्र-घप्प थांबलं. जंगल एकदम चिडीचूप झालं.

त्या शांततेनं पट्टेराव महाराजांची झोप मोडली. पट्टेराव म्हणजे जंगलाचे राजे, जातीचे वाघ. डोळे उघडून त्यांनी बांधाकडे पाहिलं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

वरच्या फांदीवर साळुंकीबाई बसल्या होत्या. त्या महाराजांच्या सचिव. महाराजांचं म्हणणं जंगलाला सांगायचं आणि जंगलाचं म्हणणं महाराजांना सांगायचं नाही, हे त्यांचं काम.

“महाराज, येसाक्काची आई गेली. पाती दुःखात उभी आहेत.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

महाराजांनी मान खाली घातली. तुम्हाला वाटेल, त्यांना वाईट वाटलं. वाटलंच होतं. पण वेगळ्या कारणानं.

“साळुंकीबाई, एका घोरपडीसाठी सहा चक्क्या. आणि आमच्या वाढदिवसाला काय? तर तुमचं एक भाषण.”

“माझं भाषण चांगलं होतं, महाराज.”

“होतं. पण ते खाडीपलीकडून दिसत नव्हतं.”

पुढच्या वाढदिवसाला सहा चक्क्या आनंदात उभ्या राहिल्या. येसाक्कानं का कू केलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही जरा बरं वाटलं. आजवर कुणी चक्क्यांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळं जंगल बांधाखाली जमलं आणि ‘अहाहा’ म्हणालं. येसाक्कानं तेलाचे हात पुसले आणि तीही ‘अहाहा’ म्हणाली. एका दुपारचा तर प्रश्न होता!

पण अहाहा हा फार चटक लावणारा शब्द आहे, बाळांनो.

आठ दिवसांनी हत्तींच्या कळपातून निरोप आला, की आमच्या आजीबाईंची एकसष्टी आहे. मग अस्वलांकडे साखरपुडा निघाला. मग रानडुकराला सुळा फुटला, आनंद. माकडाचा दात पडला, दुःख. कासवानं ओढा ओलांडला, आनंद, तोही दोन दिवसांचा, कारण ओलांडायलाच दोन दिवस लागले होते. मोराचं एक पीस गळलं तेव्हा मोर म्हणाला दुःख, लांडोर म्हणाली आनंद. शेवटी तीन चक्क्या अशा आणि तीन तशा उभ्या कराव्या लागल्या. पट्टेरावांचे सासरे वारले. महाराज येसाक्काला बाजूला घेऊन म्हणाले, “दुःखातच ठेवा, पण जरा आनंदाकडे झुकू द्या.”

अर्ज इतके वाढले की साळुंकीबाईंना मानपान खातं उघडावं लागलं. पळसाच्या पानावर अर्ज करायचा. पानाला उजवीकडे भोक पाडलं की आनंद, डावीकडे पाडलं की दुःख. अळ्यांनी खाल्लेली पानं आली की फार गोंधळ व्हायचा. एकदा तर चुकून चार दिवस चक्क्या एका सुरवंटाच्या दुःखात उभ्या होत्या, आणि तो सुरवंट दरम्यान फुलपाखरू होऊन उडूनही गेला होता.

येसाक्का महाराजांकडे गेली.

“महाराज, चक्क्या थांबल्या की पाणी चढतं.”

“किती?”

“दिवसाला एक बोट.”

पट्टेरावांनी आपलं बोट पाहिलं. मग तिचं पाहिलं.

“तुमचं की आमचं?”

“माझं.”

“मग एवढं काय घाबरता? आणि जंगलानं एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी व्हायचं नाही, असं तुम्हाला म्हणायचंय का?”

असं कसं म्हणणार? येसाक्का परत आली.

पाणी दिवसाला एक बोट चढत राहिलं. आधी गवताची मुळं भिजली. मग प्राण्यांचे पंजे भिजले. मग चालताना चुबुक चुबुक वाजायला लागलं आणि हरणांना लपून बसणं अशक्य झालं. बेडकांनी सामुदायिक आनंदाचा अर्ज दिला. साळुंकीबाईंनी वरून जाहीर केलं, की यंदा जंगलात फार छान ओलावा आहे.

एका सकाळी गुलबा ससा धापा टाकत येसाक्काकडे आला. गुलबाचं बीळ जंगलात सगळ्यांत खाली. खालच्या आळीतलं शेवटचं.

“आक्का, बिळात पाणी शिरलं! माझी मंडळी बाळंतीण आहे. सहा पोरं आहेत, अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत. दोन तिच्या डोक्यावर ठेवली, दोन मेहुण्याच्या डोक्यावर. उरलेल्या दोघांसाठी डोकी नाहीत. चक्क्या का थांबवल्यास गं?”

“अरे बाबा, अर्ज आहे.”

“कुणाचा? कोण हा नालायक, ज्याला अशा वेळी मिरवायचं सुचतं?”

येसाक्कानं पळसाचं पान काढलं आणि वाचलं. मग ते तिनं गुलबासमोर धरलं.

गुलबानं पान पाहिलं. मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. पाय पाण्यात होते.

“माझ्या बारशाचा,” तो हळूच म्हणाला.

“तुझ्या पोरांच्या बारशाचा. एक चक्की मिळत होती, तू तीन मागितल्यास.”

“मेहुण्यानं दोन लावल्या होत्या, आक्का.” गुलबाचे कान खाली पडले. “मला काय ठाऊक, माझ्या तीन चक्क्यांनी एवढं पाणी चढेल? मला वाटलं, चढतं ते हत्तीच्या चक्क्यांनी.”

येसाक्का त्याच्यावर ओरडणार होती. पण तिला हसू फुटलं. मग गुलबालाही फुटलं. दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहून इतकी हसली की दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि जंगलातलं पाणी आणखी दोन थेंबांनी वाढलं. मग येसाक्कानं सहाही पोरं तोंडात धरून एकेक करून चक्कीच्या माळ्यावर नेऊन ठेवली आणि बाळंतिणीला पाठीवर घेऊन वर आणलं.

त्याच दुपारी महाराजांनी टेकाडावर सभा बोलावली. टेकाड एवढीच जागा कोरडी उरली होती. सगळे दाटीवाटीनं उभे होते. कासवाच्या पाठीवर मुंगूस, मुंगसाच्या पाठीवर खार. हत्तींना पाण्यातच उभं राहायला सांगितलं होतं, कारण ते टेकाडावर आले असते तर सभा पाण्यात गेली असती. महाराजांची शेपटी मावत नव्हती, ती मागे पाण्यावर तरंगत होती आणि एक छोटा मासा तिला ढुशा देत होता.

साळुंकीबाईंनी ठराव वाचला.

“आपल्या जंगलातली चौदा बिळं आणि एक गुहा पाण्याखाली गेली आहेत. त्याबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करत आहे. हे दुःख प्रकट करण्यासाठी उद्यापासून तीन दिवस सहाही चक्क्या थांबवण्यात याव्यात.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी डोळे पुसले.

येसाक्कानं बोटांवर हिशेब लावला. परवा अमावास्या. अमावास्येला खाडीला मोठं उधाण येतं. बाहेरून उधाण, आत तीन दिवसांचं साठलेलं पाणी. बांध दोन्हीकडून भिजला की खचणार. आणि बांध खचला की टेकाडही जाणार, चक्क्याही जाणार, माळ्यावरची सहा आंधळी पोरंही जाणार.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर महाराजांकडे गेली. एवढ्या पाण्यात, एवढ्या गर्दीत, महाराज पाण्यात वाकून आपल्या मिशा सारख्या करत होते.

येसाक्कानं तोंड मिटलं. मग गोड आवाजात म्हणाली, “महाराज, ठराव उत्तम आहे. पण तुमच्यासारख्यांच्या नावानं चक्क्या थांबवायच्या म्हणजे मला लाज वाटते.”

“का बरं?”

“थांबता मान साधा असतो. आमच्या घराण्यात दोन मान आहेत. थांबता मान सगळ्यांसाठी. आणि दुसरा...” ती थांबली. “जाऊ द्या.”

“दुसरा काय?” महाराजांचे कान उभे राहिले.

“फिरता मान. तो फक्त सम्राटांसाठी. त्यात सहाही चक्क्या अखंड फिरत्या ठेवायच्या. जेवढा मोठा सम्राट, तेवढे जास्त दिवस. आमच्या खापरपणजीनं एकदा एका सम्राटासाठी नऊ दिवस फिरवल्या होत्या, असं ऐकलंय.”

बाळांनो, येसाक्का सरळ सरळ खोटं बोलत होती. तिच्या खापरपणजीनं चक्क्या रोजच फिरवल्या होत्या.

साळुंकीबाई फांदीवरून म्हणाल्या, “पण बाई, चक्क्या तर एरवीही फिरतात. मग त्यात मान कसला?”

येसाक्काचा घसा कोरडा पडला. जंगलात त्या घडीला कोरडी असलेली तेवढी एकच वस्तू.

“एरवी त्या पाण्यासाठी फिरतात,” ती म्हणाली. “मान द्यायला फिरतात तेव्हा फेर वेगळा असतो. जाणत्यालाच कळतो.”

“आम्हाला आत्ताच कळतोय,” महाराज म्हणाले. “आणि नऊ नाही, बारा दिवस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा असा सुटला, की साळुंकीबाई दोनदा फांदीवरून उडून गेल्या आणि दोनदा चालत परत आल्या. खाडी फुगत होती. सगळं जंगल बांधावर जमलं. महाराज पुढे, छाती काढून.

येसाक्कानं अडसर काढले. पाच चक्क्या करकरल्या, कण्हल्या आणि फिरायला लागल्या. तिसरी मात्र हलेना. इतके दिवस उभी राहून तिचा आस फुगून बसला होता. येसाक्कानं करंजाचं तेल ओतलं. हलेना. गुलबानं धक्का दिला. सशाच्या धक्क्यानं काय होणार? पण दिला, आणि सतत देत राहिला.

“कापड जास्त लागणार,” येसाक्का म्हणाली आणि पात्यावर चढली.

टोकापर्यंत गेली. शिडाचं कापड सोडलं, ओढलं, एक कोपरा बांधला, दुसरा बांधला. शेवटची गाठ मारते न मारते तोच वाऱ्याचा झोत आला, खालून कड्डकन आवाज झाला आणि चक्की फिरली. येसाक्कासकट.

ती वर गेली. तिला खाली सगळं जंगल दिसलं, चकचकीत, थाळीसारखं. मग ती खाली आली आणि तिची शेपटी पाण्यात बुडाली. मग पुन्हा वर. तिची नखं कापडात रुतलेली होती. घोरपड सोडते होय!

“आक्का!” गुलबा किंचाळला. “धर! सोडू नकोस!”

महाराजांनी डोळे पुसले. “केवढा हा सन्मान!” ते म्हणाले. “बाकीचे नुसती पाती फिरवतात. हिनं स्वतःला फिरवलं.”

“पुन्हा एकदा!” जंगल ओरडलं. चक्कीनं ऐकलं. सात फेरे झाले. आठव्याला वारा जरा मंदावला तेव्हा येसाक्का खाली उडी मारून चिखलात पडली आणि सरळ चालायच्या प्रयत्नात तीनदा गोल फिरली. त्यालाही टाळ्या पडल्या.

खाली सहा रहाट पाणी उपसत होते. खर्र-घप्प, खर्र-घप्प. अमावास्येला उधाण आलं, बांधाच्या कडेपर्यंत चढलं, तिथंच दोन घटका घुटमळलं आणि परत गेलं. आतलं पाणी आणखी चढलं नव्हतं. बांध टिकला.

बारा दिवसांत पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आलं. तेराव्या दिवशी येसाक्का जरा आडवी होणार, तोच हत्ती आले. आजीबाईंना थांबता मान दिला होता, तो परत घ्या आणि फिरता द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मग अस्वलं आली. मग माकड आलं, पडलेला दात घेऊन. थांबत्या मानाला आता कुणी विचारेना. मेलेल्या सुरवंटाला सुद्धा थांबता मान देणं अपमानाचं समजलं जाऊ लागलं. अर्जांची पानं सहा महिने पुरतील एवढी साठली. चक्क्या फिरत राहिल्या. गवत वर आलं. गुलबा बिळात परतला, बाळंतीण परतली, सहा पोरांचे डोळे उघडले. पहिली गोष्ट त्यांनी पाहिली ती फिरणारी पाती, त्यामुळे पुढे महिनाभर ती जरा तिरकी चालत.

जंगल कोरडं झालं. आता आभार मानायला हवे होते. सभा भरली. साळुंकीबाई म्हणाल्या, की महाराजांच्या पुण्याईनं पाणी ओसरलं. महाराज म्हणाले, की साळुंकीबाईंच्या नियोजनानं ओसरलं. बेडकांनी निषेध नोंदवला. एक कोनशिला बसवली, तिच्यावर दोन नावं कोरली.

तेवढ्यात गुलबा पुढे आला. भर सभेत बोलायची त्याची पहिलीच वेळ.

“आणि येसाक्का?” तो म्हणाला. “तिचा सत्कार नको का करायला?”

सभेला पटलं. खरंच की! येसाक्काला बोलावून आणलं. तिच्या पाठीला बाक आला होता. सहा महिने तिनं एक दुपारही पाठ टेकली नव्हती.

“येसाक्का,” महाराज म्हणाले, “आम्ही तुमच्यावर प्रसन्न आहोत. तुम्हाला कोणता मान हवा?”

येसाक्काचे डोळे चमकले.

“थांबता,” ती म्हणाली. “एकच दुपार. सहाही चक्क्या बंद. पाणी अगदी तळाला आहे, एका दुपारनं काही बिघडणार नाही. मी चक्कीच्या सावलीत झोपेन. मला हार नको, भाषण नको.”

सभा हेलावून गेली. केवढी ही विनम्रता!

“छे छे!” साळुंकीबाई म्हणाल्या. “तुमच्यासारखीला थांबता मान? तो तर आता सुरवंटालाही देत नाहीत. जंगल काय म्हणेल?”

“पण मला तोच...”

“ते काही नाही,” महाराज गरजले. “येसाक्काला सगळ्यांत मोठा मान. अखंड फिरता. चोवीस दिवस. आमच्या दुप्पट! मन मोठं असावं लागतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुलबानं सगळ्यांत जोरात वाजवल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे हात हवेतच राहिले.

“एक अडचण आहे,” साळुंकीबाई पान चाळत म्हणाल्या. “सत्काराच्या दिवशी चक्क्या चालवणार कोण?”

सगळ्यांनी येसाक्काकडे पाहिलं.

येसाक्कानं महाराजांकडे पाहिलं, साळुंकीबाईंकडे पाहिलं, गुलबाच्या हवेतल्या हातांकडे पाहिलं. मग ती हसली. आधी हळू, मग खो खो. तिनं तेलाचं भांडं उचललं.

“सत्कारमूर्तीला जायला वाट द्या,” ती म्हणाली. “वारा सुटलाय.”

तात्पर्य: मानाचा हव्यास वाईट असतो, असं तुम्हाला कुणी सांगेल. विश्वास ठेवू नका. जंगलं कोरडी राहतात ती त्या हव्यासामुळेच. मोठ्यांना शहाणपण सांगत बसू नये. जे काम व्हायला हवं, त्यालाच सत्कार म्हणावं, ते चुटकीसरशी होतं. फक्त ज्याला खरोखर काम येतं, त्यानं आपला सत्कार कधीही होऊ देऊ नये. त्या दिवशी सुट्टी मिळत नाही.